साळूबाई जेवायला बसली

महाड, डिसेंबर १९६१. रविवार संध्याकाळ.

आज कुडपणची साळूबाई डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन दारात उभी. "नर्सबाय हायत का घरात?" माझी बायको एस्तेर जाऊन वर्ष झालं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

साळूबाईचं मूल आडवं आलं, तेव्हा एस्तेर दवाखान्यातून डोंगर चढून गेली होती. मायलेक दोघंही वाचली. पण साळूबाईच्या घरच्यांनी विटाळ नको म्हणून हिला अंगणात जेवू घातलं, पाणी वरून ओतलं. ऐकून मी चिडलो, तर ही हसली. "अहो, बाळाची पहिली आंघोळ माझ्या हातची! प्रभूने आणखी काय द्यायचं?" ते हसू आज सारखं आठवतंय.

सांगितलं, तशी साळूबाई उंबऱ्यातच बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "गुरुजी, तुमाला भाकरी कोन करून घालतं?" ती सरळ आत गेली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या आणि माझ्यासमोर स्वतःचंही ताट मांडलं. आमच्या घरात! एस्तेर असती तर पुन्हा तशीच हसली असती का?

सवयीने प्रार्थना सुरू केली, त्यात एस्तेरचंही नाव घेतलं. साळूबाई हात जोडून थांबली. मी आमेन म्हणेपर्यंत तिने भाकरी मोडली नाही.