ज्या तासाचा आकडा

अण्णा, काल दुपारी तुमच्या त्या तासाच्या शीटमुळे एका माणसाचा हात वाचला, निदान आज सकाळपर्यंत तरी तसं दिसतंय. हे सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. आईला सांगितलं असतं, पण स्ट्रोक हा शब्द ऐकला की ती पदर डोळ्याला लावते आणि पुढचं काही ऐकत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता चाकणच्या एका लहान हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. आमच्याकडे मेंदूचे डॉक्टर आजही नाहीत, पण चाकांच्या स्टँडवर एक स्क्रीन आणि कॅमेरा आहे. पेशंट आला की तो स्टँड खाटेपाशी ढकलायचा, आणि पुण्यातले डॉक्टर तिथून बघतात. सीटी स्कॅनही त्यांना तिथेच दिसतो. तुम्ही असता तर नक्की विचारलं असतं, "टीव्हीतला डॉक्टर नाडी कशी बघतो गं?" नाडी मीच बघते. ते सांगतात तसा पेशंटचा हात मी उचलते, सोडते, आणि तो कसा पडतो ते ते बघतात.

काल पाऊण वाजता एका कंपनीच्या प्रेस शॉपमधला, पत्रा दाबायच्या मशीनवरचा ऑपरेटर आणला. वय चाळीसच्या आसपास, तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात निर्जीव. बरोबर त्याचा जोडीदार, त्याच मशीनवर काम करणारा. दर तासाला किती पीस निघाले ते लिहायच्या शीटचं पॅड घाईत तसंच काखेत धरून आलेला. स्क्रीनवरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: याला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. जोडीदाराने पॅड पुढे केलं. "बाराला चांगला व्हता, सायेब. ह्ये बगा, बारापर्यंतचे पीस लिवल्यात." डॉक्टर म्हणाले, मग वेळ आहे, स्कॅन करून घ्या, तोवर बायको संमतीची सही करायला पोचेल. बायको देहूहून निघाली होती.

पेशंट स्कॅनला आत गेला आणि ते पॅड माझ्या हातात राहिलं. अण्णा, तुम्हीही मशीनवरच होतात, जुन्या शीट घरी आणायचात आणि मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला गणितं सोडवायचे. प्रत्येक ओळीपाशी तुमचा तेलाचा अंगठा असायचा. एकदा मी चार दिवसांचं शुद्धलेखन एका दिवशी उरकून वर वेगवेगळ्या तारखा टाकल्या, तेव्हा तुम्ही वही मिटून बाजूला ठेवली होती. "ज्या तासाचा आकडा त्या तासालाच लिवायचा. मागनं भरलेली शीट लगीच कळती, लई सोच्छ असती." तुम्ही मारलं असतं तर मी ते विसरले असते. तुम्ही दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाहीत, म्हणून विसरले नाही. कालच्या शीटवर आठ आणि नऊच्या ओळी तेलाने माखलेल्या होत्या. दहा, अकरा, बारा एकाच पेनाने, वेगळ्या अक्षरात, आणि तिथे तेलाचा एक डाग नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "भाऊ, ह्या तीन ओळी तुम्ही भरल्यात ना? मला कंपनीशी काही देणंघेणं नाही. तो नक्की कधीपासून असा आहे तेवढं सांगा." "नऊचा आकडा त्यानंच लिवला, आन मंग चायला त्याच्या हातात कप ऱ्हाईना, सिस्टर. म्हनला, झोपंत हात अवघाडलाय. मंग मीच मशीन चालवली. कंत्राटी हाय तो, लाईनवरनं काढत्यात ओ लगीच. अँब्युलन्स यायच्या आधी हात धुतलं आन शीट भरून टाकली." मी धावत जाऊन स्क्रीनसमोर उभी राहिले आणि म्हणाले, डॉक्टर, बारा नाही, नऊ. त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती, म्हणजे हातात जेमतेम पंचवीस मिनिटं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. बायकोची वाट बघायची नाही असं ठरलं. मी फोन स्क्रीनसमोर धरला, डॉक्टर तिच्याशी दोन मिनिटं बोलले, ती गाडीतून "द्या, द्या" एवढंच म्हणाली. एक सतराला इंजेक्शन सुरू केलं. आज सकाळी त्याने उजव्या हाताने माझी दोन बोटं धरली. बोलणं अजून जड आहे.

जोडीदार माझ्या रागाची वाट बघत दाराशी उभा होता. कॅज्युअल्टीत माझ्या तोंडाचा धाक आहे, तरी मी त्याला एका शब्दाने बोलले नाही. आपल्याकडे सगळे म्हणतात, मोशीच्या ट्रॅफिकने तुमचा घात केला. तेव्हा चाकणला अशी सोय नव्हती, तुम्हाला कंपनीतून थेट पिंपरीला हलवलं आणि अँब्युलन्स तासभर अडकली, हे खरंच आहे. मीही अकरा वर्षं तेच सांगत आले. पिंपरीच्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला होता, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, आणि मी म्हणाले, सकाळी सहाला घरातून चांगले गेले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ड्युटीच्या डायरीत घडी करून राहील, म्हणून लिहिते. त्या सकाळी स्वयंपाकघरात तुमच्या हातून चहा दोनदा सांडला. फरशी मी नुकतीच पुसली होती. "अण्णा, नीट धरा की कप," मी खेकसले. तुम्ही कप डाव्या हातात घेतलात. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, हातातून असा कप सुटला की काय समजायचं ते शिकले होते. सहाला तुम्ही चांगले नव्हतात, अण्णा. मी पाहिलं होतं.