जलपर्णी कुठून आली

१२ मार्च

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे पत्र आईला वाचायला लावू नका. मी बरी आहे. खोलीला ओल आहे, पण गळत नाही. जेवण वेळेवर होतं. हात मात्र आईला दाखवण्यासारखे राहिलेले नाहीत.

पाच महिने झाले, आम्ही अकरा जण खालच्या तळ्यातली जलपर्णी उपसतोय. दिवसभर ओढून काठावर रास घालायची आणि पंधरा दिवसांनी बघावं, तर पाणी पुन्हा झाकलेलं. तुटका तुकडा राहिला तरी तिला पुरतो. खाली उजेड पोचत नाही. तळाचं पाणगवत कुजलं, त्यात अंडी घालणारे बारके मासेही गेले. मुकादम म्हणतो, "ताई, पाहुणी आली आणि घरच्यांनाच बाहेर काढून बसली." सगळे हसले. मी हसले नाही, तेव्हा मी दमलेय असं त्यांना वाटलं. तेही खरंच आहे.

परवा साहेबांनी पाहणीचा कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता : ही कुठून आली? इथे येणारा ओढा आपल्या वरच्या तळ्यातून येतो, हे त्यांना कळलंय. म्हणाले, "पुरात आली असं लिही. वरचे एक होडीवाले शपथेवर सांगतात."

ते होडीवाले माझे वडील, हे मी बोलले नाही.

बाबा, ती आली त्या वर्षी पूर कुठे आला होता? कॉलेजातून बादलीत चार रोपं मी आणली. ही पाणी स्वच्छ करते, असं वाचलं होतं. आई म्हणाली, "आधी हौदात ठेवून बघ." तुम्ही तिलाच दटावलंत, "तू शिकलीस की ती?" त्याच तळ्यावर मासे धरणारे काका नको म्हणतील म्हणून त्यांना न सांगता तुम्ही ती तळ्याच्या मध्यावर नेऊन सोडलीत. आता काकांची होडी काठावर पालथी पडलीय आणि ते या वयात विटा वाहतात.

रकान्यात मी माझं नाव लिहिलं. साहेबांनी कागद परत सरकवला. "नोकरी नवी आहे, विचार कर." केला, आणि तोच कागद परत दिला. आणली कोणी, एवढंच विचारलंय. तुमचं नाव त्यात नाही.

सोमवारी आम्ही आपल्या तळ्यावर येतोय. सहा वर्षं काकांच्या शेजारी जेवायला बसून तुम्ही हे गिळलंत, माझ्यासाठी. आता पुढे होऊ नका. त्यांना मीच सांगेन. त्यांनी दारात उभं केलं नाही, तर काठावर बसेन. काम तिथेच आहे.

तुम्हाला न विचारता पहिल्यांदाच काही केलेली,
तुमची थोरली