वाईट नाही

मेलबर्न, १४ ऑगस्ट १९७९

बाबा,

नमस्कार. ब्रोकन हिलला थंडी किती, तुमचा खोकला कसा आहे, हे विचारत नाही. तुम्ही "चाललंय" म्हणणार. खरं काय ते शेजारच्या नोरीनताईला लिहायला सांगा.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

काल मात्र तुमच्यामुळे तोंडघशी पडलो. आपल्याच गल्लीतल्या कोरलच्या बँडचं गाणं मी तीन महिने खपून रेकॉर्ड केलं होतं. ते अमेरिकेत विकायला न्यायचं का, हे ठरवायला तिथला एक कंपनीवाला स्टुडिओत आला. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "तुला स्वतःला कसं वाटतं?" माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम, बाबा. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "वाईट नाही."

आपल्याकडे याहून मोठं कौतुक नसतं, हे त्याला काय ठाऊक! "करणाऱ्यालाच एवढं वाटतंय, तर मी कशाला नेऊ?" म्हणत त्याने बॅग उचलली.

कोरल खेकसली, "मेल्या, इथेही बापाचीच जीभ घेऊन आलास होय रे?"

खोटं नाही. मी खाणीत उतरलो नाही म्हणून तुम्ही मला काहीच दिलं नाहीत. हे दोन शब्द तेवढे न मागता दिलेत.

आईच्या कबरीपाशीही तुम्ही टोपी काढून एवढंच म्हणालात, "बाई वाईट नव्हती." मला अर्थ कळला. तिला कधी कळला होता का, बाबा?

तुमचा, वाईट नसलेला,
क्लाइव्ह