हातचं झाड

पेणकरपाडा, मीरा रोड
१७ मार्च १९९६

प्रिय द्वारकाताई,

नमस्कार. तुझं पत्र होळीच्या आधीच पोचलं, उत्तराला उशीर झाला. आम्ही ठीक. यतीनची बदली तूर्त टळलीय. पाणी एक दिवसाआड येतं, त्याची सवय झाली. अक्षराकडे बघू नकोस, घाईत लिहितेय.

माझ्या नव्या कामाचं तू कौतुक केलंस. बागा, मोकळ्या जागा आखायला शिकणारी आमच्या कॉलेजची मुलं. त्यांना कॉम्प्युटरवर नकाशे काढायला कोण शिकवणार, असं मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळे खाली बघत होते. मी हात वर केला. या वयात हिला हौस, असं स्टाफरूममध्ये बोलणं झालं. तू लिहिलंस, उर्मी, तुझी जिद्द मोठी. ताई, जिद्द नव्हती ती. पडद्यावर रेघेची फक्त दोन टोकं दाखवायची असतात. मधली रेघ मशीन ओढतं, सरळ. मला तेवढंच हवं होतं.

यतीन परवा म्हणाला, "मीरा रोडला आल्यापासून आपल्याकडे चहासुद्धा अर्धा कप झाला का गं?" मी हसले. भरलेला कप मी त्याच्यापुढे नेऊ शकत नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही.

वर घाईत लिहितेय म्हटलं, ते खरं नाही. सकाळपासून हेच एक पत्र लिहितेय.

या वर्षी मुलांना नवघरला मिठागराच्या कडेची बाग आखायला दिली होती. नकाशात झाड वरून दाखवतात, म्हणजे गोल. मशीनचे गोल इतके गुळगुळीत की बाग नव्हे, बांगड्यांचं दुकान वाटावं. म्हणून म्हटलं, एक झाड हाताने काढून देऊ. आमच्याकडे एक पाटी आहे, तिच्यावर पेन फिरवलं की रेघ पडद्यावर उमटते. मला वाटलं होतं, बाकी रेघांसारखी हीदेखील मशीन सरळ करून घेईल. का वाटलं, कोण जाणे. त्याने काहीच सांभाळून घेतलं नाही. जसा हात हलला, तसंच झाड उमटलं, कडेने सगळं दातेरी.

मी पुसणार, तेवढ्यात मागून स्वप्नाली म्हणाली, "मॅडम, पुसू नका ना. वारा लागल्यासारखं दिसतंय." ती नवघरचीच, जुन्या घरातली, बोलायला धीट. एकदा साठवलेलं झाड कितीही वेळा ठेवता येतं. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या बागांत लागलं होतं.

मग नकाशे कागदावर काढायचा दिवस आला. यंत्राच्या लोखंडी हातात पेन असतं. तो हात जराही न डगमगता माझी थरथर काढत होता. प्रत्येक झाडाला तोच हिसका, तेच अडखळणं. मुलं खुशीत होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

शुक्रवारी बाहेरचे परीक्षक आले. म्हातारे गृहस्थ, नजर तीक्ष्ण. म्हणाले, ही रेघ कुणाची? मुलांनी माझ्याकडे बोट केलं. तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, फळ्यावर एकदा काढून दाखवा. हातात काय असतं ते कळू दे पोरांना."

मी खडू घेतला. नाही म्हणता आलं असतं. खडू फळ्याला लागला आणि टकटक वाजायला लागला. शेवटच्या बाकापर्यंत तेवढंच ऐकू येत होतं. मी खडू खाली ठेवला. स्वप्नालीने हळूच विचारलं, "मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नाहीत का?" मी म्हटलं, हो, उपास आहे.

प्राचार्यांना वाटलं, मी परीक्षकांना बिचकले. वर त्या झाडासाठी त्यांनी मला बक्षीस दिलं. जूनपासून पहिल्या वर्षाचं हातचं ड्रॉइंग माझ्याकडे, मशीनवर कुणीही शिकवेल म्हणाले. महिनाअखेर मला हो किंवा नाही सांगायचंय. हो म्हटलं तर रोज फळा. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल, आणि ते सांगितल्यावर मला तिथे कोण ठेवेल?

डॉक्टरकडे गेलेले नाही. मुलांना सांगते, जागा पाहिल्याशिवाय कागदावर रेघ मारू नका. आणि स्वतः मात्र पाहायला घाबरते. रोजनिशीतसुद्धा एक शब्द टाळतेय. तो इथे लिहिते. बाबा.

तू त्यांच्या शर्टाची बटणं लावायचीस तेव्हा मी हॉस्टेलवर होते. मी सुट्टीत घरी आले की बाबा हात टॉवेलखाली घेऊन बसायचे, आणि मी पाहिलं नाही असं दाखवायचे. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आता विचारते. त्यांना पहिल्यांदा जाणवल्यापासून स्वतःच्या हाताने जेवणं सुटेपर्यंत किती वर्षं गेली? एकदम वाढलं, की मध्ये कुठे थांबलं होतं? शेवटी त्यांना सही करता येत होती का?

मला धीर देऊ नकोस, खरं तेवढंच लिही. आणि ताई, तुझ्या हातांबद्दल तू कधी काही लिहीत नाहीस. तेही लिही.

तुझीच,
उर्मिला