दोनदा उलटवलेला तक्ता

तीर्थरूप मामांस,

मासाउकोचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? होडीला डांबर लावून झालं का? (झालं नसणारच. दरवर्षी तुम्ही "पुढच्या आठवड्यात" म्हणता.) इथे मत्स्यखात्याच्या कचेरीत कुणी डब्यात भाजलेला चाम्बो मासा आणला की मला आपला किनारा आठवतो. होडीत पाय पसरून मी खायचो आणि तुम्ही मला मासे मोजायला शिकवायचात, दहा झाले की एक खडा. फार सुखाचे दिवस होते, मामा.

आता मोजणी संगणकावर. बारा किनारे, बारा महिने, बंदी असूनही कुठे किती कोवळी मासळी पकडली याचा तक्ता, एका ओळीत एक किनारा. ज्याची बेरीज सगळ्यात मोठी, त्या किनाऱ्याची जाळी जप्त. आमचं सॉफ्टवेअर बेरीज उभ्या रकान्यांचीच करतं, म्हणून आधी तक्ता उलटवायचा, की आडव्या ओळी उभ्या होतात. मी उलटवला. पण न्याउडेबाईंनी सकाळीच तो उलटवून ठेवला होता. (बाई कामसू, पण सांगतील तर शपथ.) दोनदा उलटून तक्ता मूळपदावर आला. दोन्हीकडे बाराच, त्यामुळे यंत्राने हूं की चूं केलं नाही, आणि महिन्यांच्या बेरजा किनाऱ्यांच्या नावापुढे जाऊन बसल्या. नववा महिना सप्टेंबर, तेव्हा अख्खं सरोवर हात धुऊन घेतं. यादीत नववा किनारा मसुम्बा, म्हणून सप्टेंबरची ती सगळ्यात मोठी बेरीज त्याच्या नावावर. तपासनीसांनी मसुम्ब्याची जाळी उचलून नेली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मसुम्ब्याचे किनारप्रमुख काम्वेन्डो, आणि त्यांची भाची तिन्याडे. मला लग्न करायचंय ते हिच्याशीच. ती कचेरीत येऊन म्हणाली, "माझ्या मामाला चोर ठरवलंस. आधी त्याचं नाव साफ कर, मग तोंड दाखव." मी तक्ता नीट मांडला, चूक कबूल करून सही केली. जाळी परत गेली. साहेब बराच वेळ बोलले, त्यातलं तुम्हांला लिहिण्याजोगं काही नाही. तिन्याडे मात्र हसली.

तुमचा भाचा,
मासाउको

ता. क. लग्नाची बोलणी शनिवारी. आपल्यात मुलाच्या वतीने मामानेच कोंबडा घेऊन बसायचं असतं. याल ना? तुमच्याशिवाय माझं कोण आहे?

आणखी ता. क. तक्ता एकदाच उलटवल्यावर पहिला नंबर आपल्या किनाऱ्याचा आला. तपासनीस गुरुवारी तुमची जाळी न्यायला येतील. ती आपण दोघांनी मिळून विणली होती, फार वाईट वाटतं. शनिवारी शक्यतो रागावून येऊ नका. काम्वेन्डोमामांना सगळं कळलंय, आणि ते तुमची अगदी आतुरतेने वाट पाहताहेत.