सुलूकाकू थांबते ती जागा

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
१४ जून २००८

प्रिय संचिता,

हा चौथा कागद. आधीचे तीन टरकावले. दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाऊन येते, पाणी पिते, परत बसते. आई विचारतेय, मुंग्या चावतायत का तुला? तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. तुला तुझ्या हळदीत आईने म्हटलेल्या गाण्यांचं मूळ रेकॉर्डिंग हवंय आणि मी दोन महिने नुसतं ‘शोधतेय गं’ म्हणतेय. अजून किती वेळा म्हणू?

गेल्या वर्षी मे महिन्यात मी त्या पुण्याच्या इंटरनेट रेडिओत इंटर्न म्हणून लागले होते, आठवतं ना? लागले म्हणजे काय, घरातल्या घरात. बाबांचा कॉम्प्युटर, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची आणि कानाला हेडफोन. ऑफिस मी आजतागायत पाहिलेलं नाही. माझं काम तपासणाऱ्या मृणालिनी मॅडमनाही नाही. त्या मला फक्त मेलमधून माहीत, आणि मेलमध्ये माझ्या चुका लाल अक्षरांत. पहिल्या आठवड्यात मी सरळ रडले. पण शिकवलं मात्र बाईने. ऐकायला शिकवलं गं! आपण गाणं ऐकतो म्हणजे नुसती चाल ऐकतो. एकच तुकडा वीसदा ऐकला की कळतं, बाई कुठे श्वास घेते, कुठे बांगडी वाजते, मागे कोण कोणाला चहा विचारतंय. तेव्हापासून भाजीवाल्याची हाकसुद्धा मला धड ऐकता येत नाही, त्यातला खोकला आधी ऐकू येतो.

त्यांनीच कुरिअरने छोटा रेकॉर्डर पाठवला आणि लिहिलं, तुमच्याकडची गाणी आण. म्हटलं, लांब कशाला जायचं, तुझी हळद आलीच होती. काकूने जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात गाणी म्हटली. लेकीच्या हळदीला तरी गप्प बस, आम्ही म्हणतो, असं बायका सांगत होत्या. ऐकेल ती सुलूकाकू कसली! मी तिच्या पायाशी रेकॉर्डर धरून बसले. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात तुझं नाव आलं आणि ती थांबली. आख्ख्या गोडदेवात कोणी तिला अशी अडलेली पाहिली नव्हती.

तो भाग मी कापला. नियमच होता तसा, दोन सेकंदांच्या वर शांतता नको, ऐकणारा उठून जातो. इतक्या सफाईने जोडलं की सांधा कुणाला कळू नये. त्या दिवशी मॅडमचा पहिल्यांदा लाल अक्षराशिवाय मेल आला. उत्तम, एवढंच लिहिलं होतं. दिवसभर तरंगत होते मी, मूर्ख कुठली.

मार्चमध्ये काकू गेली. तेराव्याला मी तुला रेडिओवर लागलेल्या त्या गाण्यांची सीडी दिली. मोठं काहीतरी देतेय अशा थाटात दिली, आता आठवून लाज वाटते. तू पेणला सासरी जाऊन ती ऐकलीस आणि फोन केलास. रागावली नव्हतीस. एवढंच म्हणालीस, स्वप्ने, यात आई थांबतच नाही. गाणी काय, मला पाठ आहेत, ती थांबते ती जागा दे. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही माझा.

संचू, ती जागा नाही राहिली गं. कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तनला रेकॉर्डिंगला जायचं होतं आणि रेकॉर्डर भरला होता. मूळ आधी सीडीवर उतरव, मगच पूस, असं मॅडमनी पहिल्याच मेलमध्ये बजावलं होतं. घरात कोरी सीडी नव्हती. खाली उतरून दुकानात जायचा कंटाळा केला आणि पुसलं. कॉम्प्युटरवरही कापलेलंच ठेवलं. दुसरं काहीही कारण नाही, असतं तर बरं झालं असतं. पण कापायच्या आधी तो तुकडा मी तीस-चाळीसदा ऐकलाय. हे पत्र त्यासाठीच आहे. कानात आहे तेवढं लिहून देते, माझा एक शब्द घालत नाही. काकू ओळ अर्धी सोडते. नाक ओढते. मागून तुझी मावशी म्हणते, गा ना गो सुलू. काकू म्हणते, थांब गो, गला भरून आयलाय. मग बराच वेळ कोणीच बोलत नाही, नुसता मांडवातला पंखा. त्यात तू अगदी हळू ‘आये’ म्हणतेस. तुला बहुतेक आठवतही नसेल. आणि काकू म्हणते, हाय मी. इथंच हाय. मग ती अर्धी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेते.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
स्वप्नाली