झालरीची टेप, तिसरी प्लेट

२२ ऑगस्ट ८९, मंगळवार. ठाणे
भाऊजी आले होते, न कळवता. ह्यांच्या माघारी धाकटे दीर म्हणून कधीही येऊ शकतात, पण आधी निरोप धाडल्याशिवाय येत नाहीत. हातात कुरमुऱ्यांची पिशवी. आत कागदी टेपचं उरलेलं रीळ, बांगडीएवढं.
"वहिनी, एवढंच राहिलं. मुंबईतला डीलर म्हणतो, हे आता वापरतं कोण?"
बेलापूर रोडच्या पार्टीच्या चार प्लेटा आहेत. जाडजूड गोल स्टील, चाळणीसारखी भोकं पाडायची. स्टील पार्टीचं, ड्रिलिंग आपलं. भाऊजींचं मशीन टेप वाचतं. कुठलं भोक कुठे पाडायचं ते सगळं टेपवरच्या बारीक छिद्रांत. जुनी टेप कडेनं फाटत आलीय. नवी करायला कागद नाही, आणि पंच करणारी मुलगी लग्न होऊन नाशकाला गेली.
चहा बशीत ओतून म्हणाले, "दिवाळीपर्यंत चारही गेल्या नाहीत, तर मशीन भंगारात. शेजारचा रंगवाला शेड मागतोच आहे गोडाऊनला."
मशीन दोघा भावांनी लिलावात घेतलं होतं. त्या संध्याकाळी हे ग्रीसच्या हातांनीच घरात आले आणि माझी पांढरी साडी...
पंच मी करीन म्हटलं. कंपनीत जन्मभर दुसरं काय केलं? भाऊजींनी बशी पुन्हा भरून घेतली.

२४ ऑगस्ट, गुरु.
वागळे इस्टेटला जुन्या ऑफिसात गेले. आमच्या पंच रूममध्ये आता काँप्युटर. एसी. देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, ती टेप केव्हाच रद्दीत गेली."
टेलेक्सवाले काका अजून आहेत. त्यांनी मोठ्या प्रेमानं तीन रिळं दिली. टेलेक्सची टेप अरुंद, एका ओळीत पाच भोकं; आपल्याला आठ लागतात. पाहताक्षणी कळलं होतं. पण ते इतके खूश होते की नाही म्हणवेना. घेऊन आले.

२८ ऑगस्ट, सोम.
शीळफाट्याला भंगारवाल्यांकडे. मी, भाऊजी आणि दामू. दामू भोईर म्हणजे भाऊजींचा ऑपरेटर, तिथलाच गाववाला. मशीन आलं तेव्हापासून त्याच्यावर तोच.
एकानं कॅसेट दाखवली, दुसऱ्यानं चिकटपट्टी. शेवटी दामूनं खिशातला तुकडा काढला. "ह्यो कागद, भाऊ. भोकाभोकाचा."
"भोकवाला कागज? तो चूहा पाल ना! फुकट में बना के देगा."
मला हसू आवरेना. दामूही हसला. भाऊजी गाड्यांकडे बघत उभे होते. परतताना वाटेत उसाचा रस घेतला, त्यांनी अर्धा ठेवला.

५ सप्टें., मंगळ.
कल्याणला शिरोडकरकडे गणपतीला. पंच रूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची ती. तशीच आहे, फक्त चष्मा जाड झालाय.
मखराला झालर लावली होती. गुलाबी, पिवळी, राखी. जवळ जाऊन बघितलं. मखराच्या कडेनं गोल गोल फिरवलेली आमची टेप! मी सरळ झालर बोटांत धरून ओळीतली भोकं मोजायला लागले.
"अगं, आधी देवाला हात जोड!"
पंच रूम बंद झाली तेव्हा टाकून देत होते, हिनं खोकीच्या खोकी घरी नेली, सजावटीला. न वापरलेली रिळं माळ्यावर आहेत म्हणाली. मी लगेच स्टूल शोधायला लागले.
"विसर्जनाआधी त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पाच दिवस थांब. इतकी वर्षं कुठे होतीस?"
मोदक तीन खाल्ले. आनंदानं.

९ सप्टें., शनि.
रिळं मिळाली! गुलाबी आणि पिवळी परत दिली. फिकट कागदातून उजेड पार जातो आणि मशीनला भोक कुठलं, कागद कुठला, कळेनासं होतं. राखी मात्र उत्तम, दाट. अजून तेलकट आहे हाताला, पंचच्या दात्यांना ते तेल हवंच. वास घेतला. सगळी पंच रूम, सगळ्या मुली, मोगरा, डबे.
शिरोडकर म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्या झालरीला काय, ते आत्ताच सांग." क्रेपचा कागद कबूल केला.

१३ सप्टें., बुध.
आज डोंबिवलीला शेडमध्ये पंच केलं. ठाण्याहून रोज जायचं यायचं, जमेल.
पंच म्हणजे लोखंडी टाइपरायटरच. अक्षर उमटत नाही, भोक पडतं, आणि खालच्या डब्यात कोंडा जमतो. पहिलं पानभर बोटं परक्याची. नंतर आठवत गेलं. मनाला नाही, बोटांना.
तीनदा चुकले. टेपवर खोडता येत नाही. चुकलेल्या ओळीची आठही भोकं पाडून टाकायची, मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. कॉन्व्हेंटमध्ये शिवण उसवायला लावणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर त्यांना हे मुळीच पटलं नसतं.
दामू मागे उभा. "बाय, तुमचा हात चालतंय का मशीन, कलत नाय."
भाऊजी लांबून बघत होते. ह्यांची बसायची खुर्ची त्यांनी पुसून ठेवली होती.

२८ सप्टें., गुरु.
दुसरी प्लेट गेली. पहिलीचं मोजमाप पार्टीला पसंत. भाऊजींनी पेढे आणले, स्वतःच दोन खाल्ले. मालतीनं (माझी जाऊ, भाऊजींची बायको) मला घरी नेऊन वालाची उसळ खाऊ घातली. "ताई, तुम्ही आल्यापासून हे रात्री झोपतात," म्हणाली.

९ ऑक्टो., सोम.
टेपची नवी प्रत केली. जुनी दोन प्लेटांत मऊ पडली होती. दामूनं नवी मशीनच्या रीडरवर चढवून ठेवली. परवा तिसरी प्लेट.

१० ऑक्टो., मंगळ. दसरा
शेडमध्ये यंत्रपूजा. मालती वर्षातून या एका दिवशी आत येते. झेंडूची तोरणं, पंचवर फूल, दामूच्या पान्यांवर फूल.
मशीनपुढे ताट घेऊन म्हणाली, "ह्याचं कपाळ कुठं हो?"
दामूनं रीडरच्या खिडकीवर हात ठेवला. "डोचकं ह्यो वैनी. वाचतंय ना ह्यो!"
सगळे हसलो. मालतीनं खिडकीला हळदकुंकू वाहिलं, चांगलं चिमूटभर. सोनं वाटलं. नारळ भाऊजींनी एका फटक्यात फोडला. शुभ.

११ ऑक्टो., बुध.
तिसऱ्या प्लेटेत एक भोक भलतीकडे पडलं.
दामूच्याच लक्षात आलं, त्यानंच मशीन थांबवलं. पण पडायचं ते पडून गेलेलं. पार्टीचं स्टील. भाऊजी पांढरे पडले. मग दामूवर ओरडले, मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. प्लेट सैल बांधली असशील. डोळे कुठे होते? काल दसऱ्याची प्यायलास का?
"मी कवा पिलो, शेट?" दामू एवढंच म्हणाला. पाना जागेवर ठेवला आणि निघून गेला. जेवणाचा डबा तिथेच राहिला.
दिवाळी आली. एक प्लेट खराब, एक बाकी, ऑपरेटर गेला.

१२ ऑक्टो., गुरु.
एकटीच शेडमध्ये गेले. टेप काढून खिडकीशी उजेडात धरली. वाटलं, माझंच पंच चुकलं असेल.
पंच बरोबर आहे. छिद्रांत कुंकू बसलंय. तेलकट कागदाला पावडर घट्ट चिकटली. मशीन उजेडावर वाचतं. जिथे कुंकू, तिथे त्याला भोक नाहीच. एका ओळीतलं एक भोक बुजलं असतं तर चूक ओळखून मशीन आपोआप थांबलं असतं, तशी सोय आहे. नेमकी दोन बुजली. मशीनला ओळ बरोबर वाटली, आकडा मात्र दुसरा झाला.
टेप पुन्हा गुंडाळली. भाऊजींना काही बोलले नाही. ते बाहेर पायरीवर बसले होते.

१३ ऑक्टो., शुक्र.
एमआयडीसीला आज सुट्टी. दिवसभर घरी.
सांगितलं नाही, तर दामू गेला. त्याला दुसरीकडे कोण ठेवणार, त्याला हेच एक मशीन येतं. आणि भाऊजींचा हातच गेला.
सांगितलं तर मालती. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी मामंजींचं दुकान बुडालं. सासूबाई मरेपर्यंत तिला पांढऱ्या पायाची म्हणाल्या. मालती हसून सोडून द्यायची, पण शेडमध्ये पाऊल टाकायची ती वर्षातून एकदाच, तेही पूजेच्या निमित्तानं. हे कळलं तर तेही...
तुळशीला पाणी घालताना ओठांवर कॉन्व्हेंटमधलं आवर फादर. अजून येतं, अडचण आली की. तुळशीला चालतं, तिची कधी तक्रार नाही.

१४ ऑक्टो., शनि.
सांगितलं. मालती डबा द्यायला दारापर्यंत येते हे ठाऊक असूनही थांबले नाही. नंतर धीर झाला नसता.
"भाऊजी, दामूची चूक नाही. पूजेचं कुंकू टेपवर पडलं. आपण सगळे तिथे हसत उभे होतो."
मालती दारातच होती. डबा खाली ठेवून म्हणाली, "खिडकीतून टेपलाही लावलं मी. मुद्दाम. नवी केलेली ना, म्हणून."
भाऊजी टेप घेऊन उजेडात गेले. पाठ करून एकेक ओळ बघितली. मला वाटलं, आता.
"आई असती तर तिनंही लावलं असतं," म्हणाले.
मालती पदरानं तोंड झाकून तिथेच बसली. मी बाहेर नळावर गेले. उगीच हात धुतले, पुन्हा धुतले.
भाऊजी दुपारीच दामूच्या गावाला गेले, त्याचा डबा घेऊन. घासलेला. मालतीनं घासला.

१६ ऑक्टो., सोम.
दामू आला. भाऊजींशी नजर न मिळवता मशीनभोवती एक फेरी मारली.
"पितंय बोल्लास ना शेट? आता च्या पाज."
भाऊजी स्वतः जाऊन चहा घेऊन आले. दामूनं दोन ग्लास प्यायले, तिसरा मागितला.

१८ ऑक्टो., बुध.
मालती येऊन बसते आता. पहिल्या दिवशी दाढीच्या ब्रशनं रीडरची खिडकी साफ केली, नव्या ब्रशनं. भाऊजींनी विचारलंसुद्धा नाही कुणाचा. मग मला म्हणाली, "आकडे मी वाचू?" ती वाचते, मी दाबते. तिचा आवाज स्वच्छ आहे, सात आणि साठ कधी घोळत नाहीत. नवी टेप एकही चूक न होता झाली. ती वाचत होती म्हणून.
मधेच म्हणाली, "ताई, शेड गेली तर हे काय करतील हो?" मी म्हटलं, पुढचा आकडा वाच.

२१ ऑक्टो., शनि.
पार्टीचा इन्स्पेक्टर आला. चुकलेलं भोक वेल्डिंगनं भरून नवं पाडायची परवानगी हवी. मिळाली तर प्लेट वाचली. नाही तर स्टील आपल्या माथी, आणि चौथीही परत मागतील.
वाकून बराच वेळ मोजत होता. "मशीन जुनं झालंय," म्हणाला.
मालती कोपऱ्यातून बोलली, "साहेब, मशीनची चूक नाही. माझ्या कुंकवाची."
त्यानं वळून बघितलं. सगळं ऐकून घेतलं, अगदी कपाळ विचारलं तेही. हसला नाही. "आमच्याकडे पॅनेलवर नारळाचं पाणी उडालं होतं," एवढंच. आणि, "मी ठरवत नाही बाई. साहेबांना सांगतो. सोमवारी फोन करतील."
हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. चहा मात्र पूर्ण प्यायला.

२३ ऑक्टो., सोम. शेडमध्येच लिहितेय
आपल्याकडे फोन नाही. फोन रंगवाल्याकडे, ज्याला शेड हवी त्याच्याकडेच. सकाळपासून भाऊजी ड्रिलांना धार लावताहेत, सगळ्यांना लावून झाली तरी.
आत्ता भिंतीवरून रंगवाल्यानं हाक मारली, "अहो, बेलापूरवाले! लाईनवर आहेत!"
भाऊजींनी हात पुसले, पुन्हा पुसले. मालती उठून उभी राहिली. "मी येऊ?"
"चल ना," म्हणाले. दोघं गेली. तिच्या पायात चपलासुद्धा नाहीत.
दामूनं पंखा बंद केला, पलीकडचं ऐकू यावं म्हणून. ऐकू येत नाही. रंगवाल्याचं मिक्सर चालू आहे.
"बाय, चवथीची टेप चढवू का?"
मी म्हटलं, चढव. तो खिडकी फुंकून, पुसून, पुन्हा फुंकून टेप लावतोय. दोघं अजून आली नाहीत.